मेंढ्या वळणारा विलायती कुत्रा : आपल्या वस्तीवर आणावा काय ?

गेल्या कांहीं महिन्यांत आपल्या संघाच्या तीन-चार सभासदांनीं निरनिराळ्या प्रसंगीं आम्हांस एकच प्रश्न विचारला. ‘बॉर्डर कॉली’ नांवाच्या विलायती कुत्र्याचें पिलूं पुण्यामुंबईकडे विकत मिळतें. तें आणून शेळ्यामेंढ्या वळण्याच्या कामास लावावें काय? प्रश्न उद्भवण्याचें कारण उघड आहे. हल्लीं खिशांतल्या फोनवर चलच्चित्रें पाहण्याची सोय घरोघर झाली आहे. एक काळापांढरा कुत्रा हिरव्या डोंगरावरून दोन-तीनशें मेंढ्या एका शिटीसरशीं गोळा करून फाटकाच्या आंत आणून घालतो, हें दृश्य ज्यानें एकदां पाहिलें त्याच्या मनांतून तें सहसा जात नाहीं. इकडे राखणीस माणूस मिळत नाहीं, मिळाला तर टिकत नाहीं, आणि पोरें शाळेंत जातात (तीं जावींत हेंच योग्य). तेव्हां गुराख्याचें काम कुत्र्याकडून होत असेल तर तें कोणास नको आहे ? परंतु कुत्रा हा कांहीं पाण्याचा पंप नव्हे, कीं बसविला आणि कळ दाबली. तो बारा-चौदा वर्षें आपल्या दारांत राहणारा जीव आहे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम हा कुत्रा कोणत्या मुलुखांत व कोणत्या कामासाठीं तयार झाला तें पाहूं. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर चेव्हियट नांवाची डोंगरांची रांग आहे. सरहद्दीस इंग्रजींत बॉर्डर म्हणतात. त्यावरूनच या जातीचें नांव पडलें. तेथील डोंगर उघडे, झाडी थोडी, पाऊस व धुकें फार, आणि उंचावरची जमीन नांगराच्या उपयोगाची नाहीं. म्हणून शेंकडों वर्षें तेथें मेंढ्याच चरत आल्या आहेत. या मेंढ्यांबरोबर मेंढपाळ दिवसभर हिंडत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. मेंढ्या आपापल्या ठरलेल्या डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या असतात. आईच्या पाठीमागें हिंडून कोंकरूं आपली हद्द शिकतें, आणि पुढें आपल्या पोटच्या कोंकरांस तीच शिकवितें. कुंपण नसलें तरी चालतें. त्यांना गोळा करण्याचे प्रसंग वर्षांतून मोजकेच : लोकर कातरणें, औषधाच्या पाण्यांत बुचकळणें, कोंकरें वेगळीं काढणें, बाजारास नेणें. त्या वेळीं मात्र मैल-दोन मैल पसरलेल्या आणि माणसास बुजणाऱ्या मेंढ्या एकट्यादुकट्या मेंढपाळानें खालीं उतरवावयाच्या असतात. दहा माणसें ओरडत धांवलीं तरी जें साधणार नाहीं तें तेथें दोन कुत्रे निमूटपणें करतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, त्या मुलुखांत लांडगा नाहीं. इंग्लंडांतून तो आधीं गेला, आणि स्कॉटलंडांतूनही नाहींसा होऊन त्यास शतकें लोटलीं. ज्या देशांत लांडगा आहे तेथील मेंढपाळाला अंगानें मोठा, आवाजाचा दांडगा व रात्रभर जागणारा राखणदार कुत्रा लागतो. इटलींतील आब्रुझ्झो प्रांत, पिरिनीज पर्वत, तुर्कस्तानांतील अनातोलिया, या सर्व ठिकाणीं असेच थोराड कुत्रे आढळतात. ते मेंढ्या वळीत नाहींत, मेंढ्यांत राहतात. लांडग्याचें भय गेलें म्हणजे थोराड राखणदाराचें काम संपतें, आणि हलका, चपळ, हुकुमाचा ताबेदार असा वळणारा कुत्रा पुढें येतो. राखणारा कुत्रा आणि वळणारा कुत्रा हे दोन निराळे धंदेवाले आहेत. आमच्याकडे प्रश्न घेऊन आलेल्या गृहस्थांपैकीं बहुतेकांच्या मनांत या दोघांचा घोटाळा झालेला दिसला.

या जातीच्या अंगच्या गुणांविषयीं मात्र कोणी शंका घेऊं नये. स्कॉटलंडमधील कवि जेम्स हॉग (१७७० ते १८३५) हा तरुणपणीं मेंढपाळ होता. त्यानें आपल्या ‘सिरा’ नांवाच्या कुत्र्याची हकीकत लिहून ठेविली आहे. आयांपासून नुकतीं तोडलेलीं सातशें कोंकरें मध्यरात्रीं उधळून तीन वाटांनीं पळालीं. हॉग व त्याचा जोडीदार रात्रभर अंधारांत हिंडले, व शेवटीं निराश होऊन परत फिरले. उजाडतां उजाडतां पाहतात तों एका खोल घळईंत सर्व कोंकरें उभीं, आणि त्यांच्या तोंडाशीं सिरा एकटा पहारा करीत आहे. एकही कोंकरूं कमी नव्हतें. कुत्र्यांच्या कामाची जाहीर चढाओढ ब्रिटनांत प्रथम वेल्समधील बाला या गांवीं १८७३ सालीं झाली, व ती वेल्समध्यें राहणाऱ्या एका स्कॉच माणसाच्या ‘ट्वीड’ नांवाच्या कुत्र्यानें जिंकली. पुढें १८९३ सालीं नॉर्दंबरलंडमध्यें अ‍ॅडॅम टेल्फर नांवाच्या शेतकऱ्याकडे ‘हेंप’ नांवाचा कुत्रा जन्मला. तो न भुंकतां, न चावतां, केवळ नजरेच्या जोरावर मेंढ्या हलवी. आजच्या बहुतेक सर्व बॉर्डर कॉलींची वंशावळ मागें नेली तर ती या हेंपपाशीं येऊन पोंचते. १९०६ सालीं मेंढवळ्या कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय सोसायटी स्थापन झाली, आणि १९१५ सालीं तिचे चिटणीस जेम्स रीड यांच्या लेखणींतून ‘बॉर्डर कॉली’ हें नांव रूढ झालें.

या सोसायटीनें कुत्र्याच्या रंगाकडे वा कानांच्या ठेवणीकडे पाहिलें नाहीं, काम पाहिलें. जो दिवसाकाठीं कोसच्या कोस धांवून पुन्हां हुकुमाची वाट पाहत उभा राहील त्याची पैदास वाढवावयाची, जो थकेल किंवा कंटाळेल त्याची नाहीं, असें पिढ्यान् पिढ्या चाललें. इंग्लंडच्या केनेल क्लबानें दिखाऊ प्रदर्शनासाठीं या जातीस मान्यता दिली ती १९७६ सालीं, व अमेरिकेंतील क्लबानें १९९५ सालीं. म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षें जो वंश निव्वळ कामासाठीं चाळून काढला गेला, त्याचीं पिलें आतां शहरांतील सदनिकांत विकलीं जात आहेत. तीं पिलें शहरांत त्रासदायक ठरतात ही तक्रार ऐकूं येते, तिचें मूळ येथें आहे.

या कुत्र्याची वळण्याची रीत पाहण्याजोगी आहे. लांडगा शिकार करितांना प्रथम टक लावून पाहतो, मग दबा धरतो, मग वळसा घालून पाठलाग करतो, आणि शेवटीं झडप घालून मारतो. माणसानें या कुत्र्यांत निवड करीत करीत पहिल्या तीन पायऱ्या तीक्ष्ण केल्या आणि शेवटची मोडून टाकिली. म्हणून तो मान खालीं घालून, पोट जमिनीशीं नेऊन, मेंढ्यांकडे अशी टक लावतो कीं मेंढी त्याच्या नजरेनें मागें सरते. यासच त्याचा ‘डोळा’ म्हणतात. मेंढपाळ येथें उभा, मेंढ्या समोर अर्ध्या मैलावर, अशा वेळीं कुत्रा सरळ धांवत नाहीं. लांबून वळसा घेऊन मेंढ्यांच्या पलीकडे जातो, तेथें क्षणभर थबकतो, आणि मग त्यांना मालकाकडे आणूं लागतो. मेंढ्यांच्या भोंवतीं घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरण्याचा एक हुकूम, उलट फिरण्याचा दुसरा, जागच्या जागीं पडून राहण्याचा तिसरा, पुढें चालून येण्याचा चौथा, आणि ‘पुरे, परत ये’ हा पांचवा. जवळ असतां हे तोंडानें सांगतात व दूर असतां शिटीनें. हे हुकूम इंग्रजींतच द्यावे लागतात असें नाहीं. डावी, उजवी, बस, चल, पुरे, असे मराठी शब्द ठेविले तरी कुत्र्यास तेवढेच कळतात. या जातीच्या बुद्धीविषयीं सांगावयाचें तर, अमेरिकेंत ‘चेसर’ नांवाच्या कुत्रीस तिच्या मालकानें १,०२२ खेळण्यांचीं नांवें शिकविल्याचा शोधनिबंध २०११ सालीं प्रसिद्ध झाला आहे. हा मालक पेशानें मानसशास्त्राचा प्राध्यापक असून निवृत्तींत रोजचे कित्येक तास याच कामांत घालवी. ही दुसरी बाजू ती बातमी वाचणाऱ्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. पिलूं आठ-दहा महिन्यांचें झालें म्हणजे त्यास मेंढ्यांवर घालण्यास सुरुवात करतात, आणि पक्का कुत्रा तयार होण्यास पुढें वर्ष-दीड वर्ष जातें. शिकविणाऱ्यास मेंढीचें मनही ओळखावें लागतें व कुत्र्याचेंही. असा शिकविणारा आपल्या जिल्ह्यांत आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

आतां आपल्याकडील स्थिति पाहूं. आपल्या मुलुखांतील मेंढ्यांचे खरे जाणकार म्हणजे धनगर. दख्खनी मेंढी असो कीं जत तालुक्यांतील माडग्याळ मेंढी असो, तिच्याबरोबर दिवसभर माणूस असतोच. एक पुढें चालतो, एक मागें, आणि पुढच्याच्या हांकेवर कळप चालतो. रात्रीं वाघर लावून मेंढ्या आंत घेतात, आणि ज्याच्या शेतांत त्या बसवावयाच्या त्याच्याशीं खताचा मोबदला ठरलेला असतो. वाट अरुंद, एका बाजूस शाळूचें पीक, दुसऱ्या बाजूस हरभरा, मध्यें बांध. अशा जागीं कळप पांगूं न देतां नेणें हें कसब आहे, आणि तें शब्दावर व संवयीवर चालतें. लांबून मोठा वळसा घालून येणारा कुत्रा येथें वळसा घालणार तो कोणाच्या तरी उभ्या पिकांतून ! शेजाऱ्याच्या गव्हांतून आपला कुत्रा दोनदां गेला, तर तिसऱ्या वेळीं काय होतें तें शेतकऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. बांधावरचीं भांडणें किती लहान कारणांवरून कचेरीपर्यंत येतात तें आमच्या पूर्वीच्या नोकरींत आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे.

मुख्य मुद्दा हा कीं, स्कॉटलंडांत हा कुत्रा दहा माणसांची मजुरी वांचवितो; आपल्याकडे तो एकाचीही वांचवीत नाहीं. कुत्रा हुकुमावर काम करतो, आणि हुकूम देणारा माणूस तेथें उभा असावाच लागतो. चाळीस शेळ्या राखण्यास आज एक माणूस लागतो; कुत्रा आणला म्हणजे एक माणूस व एक कुत्रा लागेल. बांधून चारा घालण्याच्या पद्धतीनें उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या पाळणाऱ्यांस तर वळण्याचें कामच नाहीं. शिवाय शेळी म्हणजे मेंढी नव्हे. मेंढी भ्याली म्हणजे कळपांत घुसते, व त्यामुळें कुत्र्याचें काम सोपें होतें. शेळी भ्याली म्हणजे चहूंकडे पांगते, नाहीं तर वळून शिंगें रोखते. नवखा कुत्रा अशा वेळीं गोंधळतो व चावूं लागतो. गाभण शेळ्यांच्या मागें कुत्रा लागणें किती धोक्याचें आहे तें सांगावयास नकोच.

आणि आपल्याकडे लांडगा आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुणें या जिल्ह्यांच्या माळरानांवर तो आहे, आणि उंसाच्या पट्ट्यांत बिबट्या आहे. अकोलें तालुक्यांत बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला, व तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बिबट्याच्या एकूण भक्ष्याच्या वजनांत एकट्या कुत्र्याचा वांटा शेंकडा ३९ निघाला. शेळीचा त्याहून पुष्कळच कमी होता. म्हणजे जेथें बिबट्या आहे तेथें कुत्रा हा पहारेकरी कमी व भक्ष्य अधिक. बॉर्डर कॉलीचें वजन साधारण १४ ते २० किलो. त्यास भुंकण्याची फारशी हौस नाहीं, आणि श्वापदावर चालून जाण्यासाठीं त्याची पैदास झालेली नाहीं. राखणीसाठीं म्हणून त्यास रात्रीं उंसाच्या कडेला बांधून ठेवणें म्हणजे बिबट्यास ताट वाढून देणें होय.

येथें आमच्या ओळखीच्या एका घरची हकीकत सांगणें उपयोगाचें होईल. दुष्काळी पट्ट्यांतील एका तालुक्यांत हे गृहस्थ डाळिंबाची बाग करतात, व त्यांच्याकडे बावीस शेळ्या आहेत. कॉलेजांत शिकणाऱ्या मुलाच्या आग्रहानें त्यांनीं दोन महिन्यांचें पिलूं आणलें. पिलूं देखणें, चलाख; चार दिवसांत आपलें नांव शिकलें. सहा-सात महिन्यांपर्यंत सर्व घराचें कौतुक चाललें होतें. मुलगा सुट्टी संपून शहरीं गेला, बागेचा बहार धरण्याचे दिवस आले, आणि कुत्रा विहिरीजवळच्या लिंबाला साखळीनें बांधला गेला. तो साखळीच्या टापूंत गोल गोल फिरूं लागला. फिरून फिरून तेथें बैलाच्या घाण्यासारखी वाट पडली. सोडला कीं रस्त्यानें जाणारी मोटारसायकल वळावी, शाळेच्या पोरांस एका कोंपऱ्यांत गोळा करावें, कोंबड्या दिवसभर एका जागीं कोंडून धराव्या, असा त्याचा उद्योग सुरू झाला. एका मुलाच्या टांचेस दांत लागले. रक्त थोडेंच आलें, तरी त्यास पिसाळरोगाच्या सर्व सुया घ्याव्या लागल्या, व तें योग्यच झालें. दोन गाभण शेळ्या गाभडल्या. त्यांच्या मागें कुत्रा लागलेला सर्वांनीं पाहिला होता. मात्र त्याच कारणानें त्या गाभडल्या असें पशुवैद्यांनीं ठासून सांगितलें नाहीं. घरांत दोन पक्ष झाले. घरच्या माउलीचें म्हणणें, कुत्रा आजच्या आज द्यावा. मुलाचा फोनवरून आग्रह, ठेवावा.

त्यांच्याकडे एक सालगडी आहे. तो मालकांस म्हणाला, “अण्णा, ह्याला बांधूं नका. बैलाला दावणीची संवय असती, ह्याला न्हाई. माझ्या धाकल्याला सांगा, तो ह्याला पळवून आणील.” सालगड्याचा धाकटा भाऊ वीस वर्षांचा, पोलिसभरतीसाठीं रोज पहांटे धांवावयास जाणारा. तो कुत्र्यास बरोबर नेऊं लागला. पहांटे पांचास दोघे तळ्यापर्यंत जाऊन येत. संध्याकाळीं अर्धा तास त्यानें कुत्र्यास ‘बस’ आणि ‘पुरे’ हे दोनच शब्द पक्के शिकविले. दोन महिन्यांनंतर तो त्यास लांब दोरीवर धरून सांजचे शेळ्यांच्या मागें चालवूं लागला. आज तो कुत्रा शांत आहे, पोरांच्या मागें लागत नाहीं, व संध्याकाळीं शेळ्या गोठ्यांत आणण्याच्या कामांत त्याची थोडी मदतही होते. त्या जवानास मालक आतां या कामाचे वेगळे पैसे देतात. पण कुत्रा मालकाच्या दारांत असला तरी तो ओळखतो त्या जवानास. उद्यां त्याची भरती झाली व तो नोकरीवर गेला, तर पुढें काय, या विवंचनेंत ते गृहस्थ आहेत. नोकरी त्यास मिळावी असें त्यांस मनापासून वाटतें, आणि तोच विचार मनांत आला कीं त्यांस त्या कुत्र्याची काळजी वाटते.

दप्तरी संवयीप्रमाणें आम्ही याचा हिशेब मांडतों. पिलाची किंमत ही खर्चाची सर्वांत लहान बाब आहे. ती एकदांच द्यावयाची असते. खरा खर्च वेळेचा. या जातीस रोज निदान दोन तास धांवणें व डोकें चालविण्याचें काम मिळाले पाहिजे. नुसतें मोकळें सोडणें हें काम नव्हे. रोज दोन तास म्हणजे वर्षाचे ७३० तास. आठ तासांचा एक दिवस धरिला तर ९१ दिवसांहून थोडे अधिक. कुत्रा तेरा वर्षें जगला, तर तेवढ्या अवधींत कोणा तरी एका माणसाचे पुरे ११८६ दिवस, म्हणजे सव्वातीन वर्षें, त्याच्या नांवें खर्ची पडतील. सुगी आली म्हणून, लग्न निघालें म्हणून, उंसाची तोड आली म्हणून यांत सूट मिळत नाहीं. ज्या घरांत असा वेळ देणारा माणूस बोट दाखवून सांगतां येतो, त्यानेंच पुढचा विचार करावा. “सगळे मिळून बघूं” असें ज्या घरांत उत्तर येतें, तेथें कोणीच बघत नाहीं.

आतां हवापाण्याविषयीं. या कुत्र्याच्या अंगावर दुहेरी केंस असतात. आंत मऊ लव, वर लांब केंस. त्या थंड मुलुखांत ते पांघरूण आहे. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं; धापा टाकूनच तो अंगांतील उष्णता बाहेर टाकतो. त्यांतून ही जात कामाच्या नादांत स्वतः थांबत नाहीं. कांहीं बॉर्डर कॉली जोराच्या श्रमानें, विशेषतः उष्ण दिवशीं, झोकांड्या खाऊन कोसळतात, असा एक विकारच नोंदलेला आहे. म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत त्याचें सर्व काम सूर्योदयापूर्वीं उरकावें. दिवसा दाट सावली व गार पाणी द्यावें. उष्मा कमी व्हावा म्हणून कोणी केंस मुळापासून भादरतात, तें करूं नये. तेच केंस ऊनही अडवितात. उलट रोज विंचरावे, म्हणजे गोचीड सांपडतात. गोचिडांपासून होणारा ताप आपल्या हवेंत कुत्र्यांचा मोठा वैरी आहे. कुत्रा खाईना, मलूल झाला, हिरड्या पांढुरक्या दिसूं लागल्या, तर दिवस न दवडतां पशुवैद्यांकडे न्यावा.

एका औषधाविषयीं विशेष सूचना देणें अवश्य आहे. शेळ्यामेंढ्यांस जंत व गोचिडांसाठीं देण्याचें आयव्हरमेक्टिन पुष्कळांच्या फडताळांत असतें, आणि “तेंच थोडें कुत्र्याला टोंचूं” अशी वृत्ति असते. कॉली वंशाच्या कांहीं कुत्र्यांत उपजतच असा दोष असतो कीं हें औषध त्यांच्या मेंदूंत शिरतें, आणि जादा मात्रेनें कुत्रा आंधळा होतो, झटके येतात, कित्येकदां मरतो. लांब तोंडाच्या केंसाळ कॉलींत हा दोष फार आढळतो. बॉर्डर कॉलींत क्वचित्, पण आढळतो. तो रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीनें कळतो. जनावरांच्या मात्रेचें औषध अदमासानें कुत्र्यास कधींही देऊं नये.

दुसरी सूचना कोणताही कुत्रा पाळणाऱ्या शेळीमेंढीवाल्यास लागू आहे. कुत्र्याच्या आंतड्यांत एक अगदीं लहान फीतकृमि राहतो. त्याचीं अंडीं विष्ठेवाटे गवतावर पडतात, मेंढीच्या पोटांत जातात, व तिच्या यकृतांत व फुप्फुसांत पाण्याच्या गांठी धरतात. तींच अंडीं हाताला लागून माणसाच्या पोटांत गेलीं तर माणसासही अशाच गांठी होतात, व त्या शस्त्रक्रियेनें काढाव्या लागतात. दुसऱ्या एका फीतकृमीमुळें मेंढीच्या मेंदूंत फोड होतो, आणि ती मान वांकडी करून एकाच दिशेनें गोल गोल फिरत मरते. जत्रेंत बोकड कापला कीं त्याचें काळीज-फुप्फुस कच्चेंच कुत्र्यापुढें टाकण्याची आपली चाल आहे. हें चक्र चालू राहतें तें त्यामुळें. मांस शिजवून द्यावें, गांठी दिसलेला अवयव खोल पुरावा, आणि पशुवैद्य सांगतील त्या मुदतीनें कुत्र्यास जंताचें औषध द्यावें. पिसाळरोगाची लस तीन महिन्यांच्या सुमारास व पुढें दरसाल टोंचावी, व तिची तारीख कोठें तरी लिहून ठेवावी.

एवढें वाचूनही ज्यांस पिलूं घ्यावयाचें आहे त्यांनीं कायद्याची बाजू पाहावी. पैदाशीच्या धंद्यासाठीं परदेशांतून कुत्रे आणण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालीं बंदी केली. २०१७ च्या नियमांप्रमाणें कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि आठ आठवड्यांखालील पिलूं विकतां येत नाहीं. विकणारा आई दाखवीत नसेल तर तेथून उठावें. वंशावळीचा कागद मिळाला तर घ्यावा. परंतु तो कागद पिढी सांगतो, काम सांगत नाहीं. ज्याच्या चार पिढ्यांनीं मेंढी पाहिली नाहीं तें पिलूं मेंढ्या वळीलच असें कोणी छातीठोक सांगूं लागला, तर त्याच्या छातीपेक्षां आपल्या खिशावर हात ठेवावा. आईबापांच्या डोळ्यांची व खुब्यांची तपासणी झाली आहे काय, हें विचारावें. या दोन्ही जागीं या जातींत आनुवंशिक दोष येतात.

आमचें मत विचाराल तर, आपल्या सभासदांपैकीं शेंकडा नव्वदांस या कुत्र्याची गरज नाहीं. त्यांस राखणदार पाहिजे. तो धनगरांच्या वाड्यावर मिळतो. राखणींतल्या कुत्रीचें दीड-दोन महिन्यांचें पिलूं आणून शेळ्यांच्या गोठ्यांतच वाढवावें, तेथेंच त्यास खाऊं घालावें, आणि पोरांनीं त्यास घरांत नेऊन लाडावूं नये. म्हणजे तो शेळ्यांस आपलें घर समजतो. हिमालयांतील गद्दी लोक बिबट्याच्या भयानें कुत्र्याच्या गळ्यांत लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. तसा पट्टा आपल्याकडील लोहारही करून देईल. कारवान किंवा मुधोळ कुत्रा या कामीं चालेल काय असेंही कोणी विचारतात. ते सशामागें धांवणारे शिकारी कुत्रे आहेत. देखणे आहेत, आपल्या हवेचे आहेत, परंतु वळण्याचें काम त्यांचें नव्हे.

राहिले ते दहा. ज्यांची कुंपण घातलेली मोठी जमीन आहे, शें-दोनशें मेंढ्या आहेत, आणि घरांत एखादा तरुण असा आहे कीं ज्यास जनावरांचा खरा नाद आहे व जो दोन वर्षें शिकण्यास तयार आहे, त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्यांतील एकास जरी यश आलें, तरी त्याच्या कुत्र्याचीं पिलें व त्याची स्वतःची शिकवण या दोहोंचा उपयोग सर्वांस होईल. त्यांनीं पहिल्या वर्षीं शेळ्यांवर न घालतां पांच-सहा शांत, वयस्क मेंढ्यांवर कुत्रा तयार करावा, आणि ‘बस’ हा शब्द पक्का झाल्याशिवाय दोरी सोडूं नये.

ज्या सभासदांच्या घरीं हा कुत्रा आधींच येऊन बसला आहे व सांभाळणें जड जात आहे, त्यांनीं त्यास घाटांत किंवा बाजाराच्या गांवीं सोडून येऊं नये. सोडलेला कुत्रा दुसऱ्याच्या शेळ्यांमागें लागतो, नाहीं तर बिबट्याच्या तोंडीं जातो. त्यांनीं कुत्र्याचें वय, टोंचलेल्या लसी व शिकविलेले शब्द एका कागदावर लिहून संघाच्या कचेरींत पाठवावे. अशा कुत्र्यांची व ते घेऊं इच्छिणाऱ्यांची यादी या मासिकाच्या शेवटच्या पानावर विनामूल्य छापण्यास संपादकांनीं संमति दिली आहे.